वहिनीला ऐकू येणारी गुडगुड

माझ्या वहिनीचे कान फार तिखट. घरातला कुठला नळ ठिबकतोय हे ती दुसऱ्या खोलीत बसून सांगते. जिन्यावरून कोण येतंय हे तिला चपलांवरून कळतं, आणि येणारा कुणाशी भांडून आलाय का, तेही. दादाशी तिचं लग्न झालं तेव्हा ती रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करायची. पुढे ते केंद्र बंद पडलं आणि तिने घरीच काम मांडलं. जुन्या कॅसेटवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, त्यातली खरखर काढायची, फीत तुटून गेलेली वाक्यं माइकसमोर स्वतः वाचून मधे जोडायची. अंधांसाठी पुस्तकांचं ध्वनिमुद्रण करून ठेवणारं एक ग्रंथालय आहे. त्यांचं काम नऊ वर्षांपासून तिच्याकडे येतं.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत मी, मधल्या खोलीत दादा-वहिनी आणि आतल्या खोलीत अप्पा, म्हणजे माझे वडील. वहिनीची कामाची जागा म्हणजे बंद करून घेतलेली गॅलरी. लांबीला चार पावलं, रुंदीला दीड. भिंतींना फोमचे तुकडे चिकटवलेले, एका टोकाला टेबल, टेबलावर माइक, टेबलाखाली कॉम्प्युटर. ती आत बसली की दार लावून घेते आणि आम्ही सगळे पायांतली चप्पल काढून चालतो.

सगळे म्हणजे अप्पा सोडून. अप्पांनी एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात यंत्रघर सांभाळलं. कॉम्प्रेसरच्या धडधडीत त्यांचे कान पार गेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ते आपल्याशी बोलतात तेही ओरडूनच, कारण स्वतःचा आवाजही त्यांना पोचत नाही. वहिनीने त्यांची वेळ पाठ करून ठेवली आहे. जेवल्यावर ते दोन तास झोपतात. माइकसमोरचं काम ती त्या दोन तासांत उरकते.

गेल्या वर्षी परीक्षेला अडीच महिने उरले असताना ग्रंथालयाच्या बाई एक खोकं घेऊन आल्या. खोक्यात चाळीस कॅसेटी. एक सर अंध मुलामुलींना व्यायामोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, शिकवायचे, त्यांची ती व्याख्यानं. सर आता नाहीत. त्यांच्यासारखं हाताला धरून शिकवणारं पुस्तकही नाही. "अंगठा खांद्याच्या हाडावर ठेवा. आता बोटं दोन पेरं खाली घ्या. दाबू नका. लागला हाताला? तो स्नायू," असं ते सांगत जायचे. कॅसेटी दमट कपाटात पडून खराब झाल्या होत्या. काहींवर सरांपेक्षा खरखरच जास्त.

"परीक्षेआधी सगळ्या हव्यात," बाई म्हणाल्या. "बॅचला बावीस जण आहेत."

"माझं मशीन जुनं आहे," वहिनी म्हणाली. "एकेका बाजूला सात-सात तास घेतं. आणि एकदा करून भागत नाही, दोनदा तीनदा करावं लागतं."

"नव्या मशीनची तरतूद नाही हो. पण तुम्ही कराल. तुम्ही नेहमी करता."

हे ऐकलं की वहिनीच्या कपाळाला आठी पडते, पण नाही म्हणणं तिच्या तोंडून निघत नाही. खोकं ठेवून घेतलं.

मग तिने मार्ग काढला. कारखान्यातून प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बाहेर पडतो तेव्हा त्याचा एक वेग ठरवून दिलेला असतो. सेटिंग बदलून त्याहून जास्त वेगाने तो पळवता येतो. त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. वहिनी दोन दुपारी वाचत बसली आणि तिसऱ्या दुपारी तिने ते केलंसुद्धा. सात तासांचं काम साडेपाचवर आलं. त्या दिवशी तिने आम्हाला सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं.

तिचा आनंद दोन दिवस टिकला. वेग वाढवला की प्रोसेसर तापतो, आणि तिचा तर सत्त्याण्णव अंशांवर गेला. एवढा तापला की तो जळू नये म्हणून आपणहून हळू होतो. म्हणजे वाढवलेला वेग पुन्हा खाली, काम पुन्हा सात तासांचं. वर त्याच्या डोक्यावरचा टीचभर पंखा किंचाळायला लागला. मशीन एक कॅसेट घोळवत असताना वहिनीला दुसऱ्या कॅसेटची वाक्यं वाचायची असायची, आणि प्रत्येक वाक्यामागे ती किंचाळी. बाहेरून वायर ओढून मशीन माझ्या खोलीत ठेवून पाहिलं, तर लांब वायरीतून घूं असा आवाज यायला लागला. ते पुन्हा गॅलरीत गेलं.

"ह्याला धड थंड करायला हवं," जेवताना वहिनी म्हणाली.

दादा लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. त्याने ताबडतोब मत दिलं. "मोठा पंखा लाव. धातूच्या पातळ पट्ट्यांचा मनोरा मिळतो, त्याला जोडलेला पंखा. पट्ट्या उष्णता शोषतात, पंखा ती उडवतो. बिघडेल काय? पंखा. बदलला की झालं."

"काय म्हणतोय?" अप्पांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"हवा?" अप्पांनी घास खाली ठेवला. "अरे, फुंकर मारून लोखंड निवतं का? पाणी लाव, पाणी! एकतीस वर्षं मी यंत्रं थंड ठेवली ती काय पंख्याने वारा घालून?"

"अप्पा, कॉम्प्युटरमध्ये पाणी सांडलं तर पुसत बसायचं का?"

"सांडेल कशाला? नीट जोडलं तर सांडत नाही. तुझ्या लिफ्टमध्ये माणसं अडकतात म्हणून लोक जिने चढतात काय?"

दादा चिडला, अप्पा ओरडले, शेजारच्यांनी भिंत ठोकली. वहिनी मधे बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी म्हणाली, "मला थंड किती होतं ते नाही विचारायचं. आवाज कशाचा कमी ते सांगा." ह्याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

ते दुकानदाराकडे होतं, किंवा तो तसं म्हणाला. बाजारापलीकडच्या रस्त्यावर त्याचं दुकान, काचेत निळे-जांभळे दिवे लुकलुकणारं. मी वहिनीबरोबर गेले होते.

"ताई, डोळे मिटून लिक्विड घ्या," तो म्हणाला. खोक्यावरचं चित्र दाखवून त्याने समजावलं. प्रोसेसरवर एक छोटा पंप बसतो, त्यातून दोन नळ्या निघतात, नळ्यांतलं पाणी रेडिएटरपर्यंत जाऊन थंड होतं आणि परत येतं. सगळं कारखान्यात भरून बंद केलेलं, आपण काही ओतायचं नाही. "एकदम शांत. आहे की नाही तेही कळणार नाही."

"ऐकवता का?"

तो हसला. दुकानात सहा मशीनं चालू होती, गाणी लावलेली होती, दाराबाहेर रस्ता. "इथे काय ऐकू येणार, ताई? माझ्यावर विश्वास ठेवा."

वहिनीने विश्वास ठेवला. त्याने घरी येऊन ते बसवून दिलं. आमच्या मशीनच्या डब्यात वरच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून रेडिएटर पुढे, खालच्या अंगाला लावला. "कुठेही लावा, पाण्याला काय फरक पडतो," असं म्हणत त्याने स्क्रू पिळले.

नऊ दिवस स्वर्ग होता. प्रोसेसर चौऱ्याहत्तरच्या वर जाईना. गॅलरीत इतकी शांतता, की वहिनी मला म्हणाली, तुझ्या घड्याळाचा आवाज येतोय, ते बाहेर ठेव. अप्पा दादाकडे बघून दिवसातून दोनदा तरी "पाणी!" म्हणायचे.

दहाव्या दिवशी वहिनी दार उघडून बाहेर आली. हेडफोन गळ्यात. "कुणी नळ सोडलाय का?"

कुणीच सोडला नव्हता.

ती परत आत गेली, परत बाहेर आली. "मशीनमध्ये आहे. गुडगुडतंय. सारखं नाही. मधेच एकदा, मग बराच वेळ काही नाही, मग दोनदा लागोपाठ."

दादा टेबलाखाली आडवा झाला, मशीनला कान लावला. पाच मिनिटांनी उठला. "मला माझाच श्वास ऐकू येतोय." मीही आडवी झाले. मला एकदा काहीतरी ऐकल्यासारखं झालं, पण खात्री नव्हती, आणि दादा माझ्याकडे बघत होता, म्हणून मी मान हलवून नाही म्हटलं. हे मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

दुकानदार आला. दोन सेकंद कान लावून म्हणाला, "नवीन आहे ना, आत थोडी हवा असते. मशीन जरा तिरपं करून हलवा, जाईल." वहिनीने मशीन उचलून डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं. एक दिवस सगळं गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडगुड. पुन्हा कलवणं, पुन्हा एक दिवस. सकाळी दात घासावेत तसं ती रोज उठून मशीन कलवायला लागली.

तिसऱ्यांदा ती दुकानात गेली तेव्हा तो म्हणाला, "ताई, राग मानू नका. तीनशे जणांना विकलं मी हे. कुणाची तक्रार नाही. तुम्ही एकदा कान दाखवून घेता का?"

वहिनी घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी खरंच कानाच्या डॉक्टरांकडे गेली. हेडफोन लावून, बटण दाबून, सगळी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, तुमचे कान विशीतल्या मुलीसारखे आहेत. तिला वाटलं, चला, सुटले. तेवढ्यात कागदावर सही करताना ते म्हणाले, "घरी काही ताण आहे का? अशा वेळी माणसाला आवाजांचा त्रास होतो. मनावर घेऊ नका."

घरी येऊन तिने हे आम्हाला सांगितलं. "म्हणजे कान चांगले, म्हणून डोकं बिघडलंय!"

मग तिने तो आवाजच पकडला. माइक मशीनजवळ नेऊन अर्धा तास रेकॉर्डिंग केलं, त्यातल्या अकरा गुडगुडी वेगळ्या काढल्या, आवाज वाढवला, पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि दुकानात नेल्या. दुकानदाराने ऐकल्या. गिऱ्हाइकांनाही ऐकवल्या. सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. तो म्हणाला, "ताई, एवढा आवाज वाढवला तर माशी चाललेलीही ऐकू येईल." गिऱ्हाइकं हसली. वहिनी पेन ड्राइव्ह काढून घेऊन बाहेर पडली. चौकापर्यंत ती इतक्या भरभर चालली, की मला मागे पळावं लागलं.

तोवर खोकं येऊन चार आठवडे उलटले होते. ग्रंथालयाच्या बाईंचे फोन सुरू झाले. निदान पहिल्या बारा तरी पाठवा, मुलं खोळंबली आहेत. बारा तयार होत्या, पण वहिनीने जोडलेल्या वाक्यांमागे कुठेकुठे ती गुडगुड होती.

"मला सांग," दादा समजुतीने म्हणाला, "मला ऐकू येत नाही, हिला येत नाही, दुकानदाराला येत नाही. ऐकणाऱ्यांना तरी येणार आहे का? पाठवून टाक आणि मोकळी हो."

वहिनीने हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "असेल. मीच फार ताणत असेन." आणि बारा कॅसेटी पाठवून दिल्या.

पाच दिवसांनी बाईंचा फोन आला. वहिनीने स्पीकर लावला, कारण ती पीठ मळत होती.

"सगळ्यांना आवडलं हो," बाई म्हणाल्या. "फक्त एका विद्यार्थिनीने विचारलंय. तिसऱ्या कॅसेटमध्ये पोटरीच्या स्नायूंच्या भागात तुम्ही मधेमधे वाचता ना, तेव्हा तुमच्या मागे माशांची टाकी आहे का? तिने तो भाग तीनदा मागे नेऊन ऐकला. तिला वाटलं सरांनीच काही दाखवायला पाण्याचा आवाज केलाय."

मला वाटलं वहिनी उडी मारेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी ऐकू आलं होतं! पण तिने पिठाने भरलेले हात तसेच धरले आणि फोनकडे बघत राहिली. बाई दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाल्या. शेवटी मीच फोन बंद केला.

"मला येत होतं ऐकू," ती म्हणाली. "सगळ्यात आधी मला आलं होतं. आणि तरी मी पाठवलं." मग दादाकडे वळली. "'ऐकणाऱ्यांना येणार आहे का?' ती मुलगी कानांवरच जगते रे! तिला नाही येणार तर कुणाला येणार?"



एवढा गोंधळ झाल्यावर अप्पांनी विचारलं, कोण गेलं? आम्हाला वाटलं होतं त्यांना हे प्रकरण माहीत आहे. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आम्ही आपसात बोलायचो, त्यांना कोण ओरडून सांगणार? त्या दिवशी मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, घसा बसेपर्यंत. ऐकून ते उठले, आपल्या खोलीतून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि म्हणाले, "सूनबाई, डबा उघड. आणि यंत्र चालू ठेव."

वहिनीने मशीनची बाजू काढली. अप्पा गॅलरीत गुडघ्यांवर बसले. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी अलगद पंपावर टेकवलं, दुसऱ्या बाजूची लाकडी मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. आम्ही दारात उभे. तीन-चार मिनिटं गेली असतील.

"ह्यॅ!" ते मूठ तोंडातून काढत ओरडले. "हवा गिळतोय हा! फिरता फिरता घोट घेतोय. हे बघ, परत."

"तुम्हाला ऐकू आलं?" वहिनीने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"ऐकू कशाला यायला हवं? हाडाला कळतं. आमच्याकडे बेअरिंग असंच बघायचो." त्यांनी स्क्रूड्रायव्हरने नळ्या दाखवल्या. "रेडिएटर खाली, पंप वर. हवा नेहमी वर जाते. मग ती पंपातच बसणार, दुसरीकडे जाईल कुठे? आमच्याकडे वरच्या टोकाला हवा सोडायची चावी असायची. ह्याला चावी कुठाय?"

"ह्याला नसते. हे बंद करूनच येतं."

"मग मी हे पाणी म्हणालोच नव्हतो," अप्पा म्हणाले. "मी उघडता येणारं पाणी म्हणालो होतो."

दादा हसला. वहिनी हसली नाही. ती तिथेच जमिनीवर अप्पांच्या शेजारी बसली, भिंतीला टेकून, आणि त्यांनी सांगितलेलं पुन्हा पुन्हा वदवून घेत राहिली. कधी घोट घेतो? गरम झाल्यावर? वेग बदलला की? ते सांगत होते आणि प्रत्येक वेळी ती म्हणत होती, "हो. बरोबर. तेव्हाच."

दुसऱ्या दिवशी ती अप्पांनाच दुकानात घेऊन गेली. अप्पांनी तिथेही सगळं ओरडूनच सांगितलं, त्यामुळे रस्त्यावरची माणसं थांबली. दुकानदाराने हात जोडले. "काका, कंपनीला पाठवतो. बदलून देतील. सहा आठवडे लागतील."

परीक्षेला पाच आठवडे राहिले होते.

वहिनीने तिथल्या तिथे हवेचा मनोरा घेतला. दादाने पहिल्या दिवशी सांगितलेला. आमच्या डब्यात बसेल ना, हे तिने चारदा विचारलं. "बसेल, ताई." घरी आणून बसवला तर डब्याचं बाजूचं झाकण लागेना. चार मिलिमीटर. मनोऱ्याची तांब्याची टोकं झाकणाला अडत होती. वहिनीने झाकण हातात धरलं आणि ते भिंतीवर आपटणार असं मला वाटलं. तिने ते पलंगावर ठेवलं, उशीवर, अगदी हळू, आणि मोरीत जाऊन दार लावून घेतलं. आतून नळ जोरात सुटल्याचा आवाज येत राहिला.

दादा झाकण घेऊन आपल्या कामाच्या ठिकाणी गेला आणि संध्याकाळी त्याला चौकोनी खिडकी पाडून घेऊन आला. कडा घासून, पुसून, लोखंडाचा कण राहू नये म्हणून दोनदा धुऊन. त्याने ते स्वतःच लावलं. वहिनीने "चांगलं झालं" म्हटलं. माशांच्या टाकीच्या फोननंतर ती त्याच्याशी एवढंच नीट बोलली.

आता गुडगुड नव्हती. त्याऐवजी एकसुरी घरघर होती. वहिनीचं म्हणणं, ही परवडली. सारखा आवाज असेल तर प्रोग्रामला त्याचा नमुना देता येतो, तो ओळखून काढून टाकतो. गुडगुड कधी येणार हे कुणाला माहीत, तिचा नमुना कसला देणार? पण पूर्ण वाढवलेल्या वेगाला प्रोसेसर एकोणनव्वदवर जायचा आणि घरघर इतकी मोठी व्हायची, की ती काढताना वहिनीच्या आवाजातले श आणि स पण खरवडून निघायचे. त्या व्याख्यानांत दर वाक्याला तेच. स्नायू, शीर, श्वास, सांधा. "नायू" आणि "वास" ऐकून कोण कुणावर उपचार करणार?

तिने वेग थोडा उतरवला. श परत आला, स अर्धा. अजून उतरवला. चौथ्या दिवशी प्रोसेसर कारखान्याने ठरवलेल्या वेगावर होता, पंखा हलकेच फिरत होता, सगळी अक्षरं स्वच्छ होती आणि एका बाजूला पुन्हा सात तास लागत होते.

"म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच," दादा म्हणाला. म्हणायला नको होतं.

"हो," वहिनी म्हणाली. "तिथेच. पाणी घेतलं, हवा घेतली, डबा कापला, डॉक्टर झाला, बारा कॅसेटी खराब पाठवल्या, आणि तिथेच. अजून काही सांगायचंय?"

दादाने मान हलवली आणि चहा ठेवायला उठला.

बाईंना फोन करणं तिने दोन दिवस टाळलं. मग केला. चाळीस होणार नाहीत, आधीच्या बारांमधली माझी वाक्यं पुन्हा वाचायची आहेत, परीक्षेपर्यंत अठ्ठावीस देते. बाई म्हणाल्या, "हे आधी सांगायला हवं होतं." वहिनीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मशीन जुनं आहे. ती ते बोलली नाही. एवढंच म्हणाली, "त्या मुलीचा नंबर द्या."

माशांच्या टाकीबद्दल विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीला तिने फोन केला. "आधी कुठले भाग हवेत? तुम्ही सांगाल त्या क्रमाने करते."

मुलीला आश्चर्य वाटलं असावं. थोडं थांबून तिने सांगितलं, "पाठीचा कणा आधी. मग मान. गुडघा आम्हाला येतो, तो शेवटी ठेवा. आणि ताई, तुम्ही मधे वाचता तेव्हा थोडं सावकाश वाचाल? सर बोटं सरकवायला वेळ द्यायचे. तुम्ही देत नाही."

वहिनीने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग मला म्हणाली, "बघ, गुडगुडीच्या नादात हे माझ्या कानांवरून गेलं." त्या दिवसापासून वाचताना ती डावा हात स्वतःच्या मानेवर, खांद्यावर ठेवून बसायची. बोटं खरोखर सरकवायची आणि मग पुढचं वाक्य वाचायची. त्यामुळे अजून वेळ लागायला लागला.

परीक्षेच्या आधल्या दिवशीपर्यंत सव्वीस झाल्या. अठ्ठावीससुद्धा नाहीत. बावीसपैकी एकोणीस जण पास झाल्याचं बाईंनी नंतर कळवलं, त्यात ती मुलगी होती. तिघं कशात गेले हे वहिनीने विचारलं. बाईंना माहीत नव्हतं. वहिनीला ते अजून लागून राहिलं आहे, गुडघ्यात गेले असतील का म्हणून. मी सांगून पाहिलं, की गुडघा त्यांना येत होता. ती म्हणते, त्या एकीला येत होता.

कंपनीकडून ते पाण्याचं यंत्र सात आठवड्यांनी परत आलं. नवीन नाही, तेच. सोबत छापील चिठ्ठी होती: तपासणी केली, दोष आढळला नाही. वहिनीने चिठ्ठी वाचली, अप्पांना दिली. अप्पांनी चष्मा लावून वाचली आणि जी शिवी दिली ती चार मजले खाली ऐकू गेली. खोकं कपाटावर आहे. कुणी त्याला हात लावत नाही.

उरलेल्या चौदा कॅसेटी घाई नसतानाही तिने पूर्ण केल्या. शेवटच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला सर हाताच्या पंजाबद्दल सांगत होते. "आता अंगठ्याच्या मुळाशी या," ते म्हणाले, "इथे एक लहानसा," आणि फीत कोरी झाली. वहिनीला वाटलं पुढे कुठेतरी पुन्हा सुरू होईल. तिने हेडफोन नीट केले आणि ती उरलेली बाजू शेवटपर्यंत ऐकली. बावीस मिनिटं. मी दारात उभी होते, तिने मला हाताने गप्प राहायला सांगितलं. काही आलं नाही.

तिने बाईंना फोन करून विचारलं, ह्या व्याख्यानाची दुसरी प्रत कुणाकडे आहे का. नव्हती. मग तिने माइक ओढला, बाहेर अप्पा झोपलेत ना ते विचारलं आणि सावकाश वाचलं: "यापुढचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही." ते तिला आवडलं नाही. तिने तीनदा वाचलं. तिसरं ठेवलं.